टपालानं येणारी लुगडी

पार्सल फोडलं की अंबिका आतल्या लुगड्यांना लगेच कात्री लावायची नाही. झटकून, सावलीत वाळवून, ती काही दिवस बाजेवर तशीच ठेवायची. "परक्या घरची हायेत, जरा रुळू द्या," म्हणायची. लुगड्यांना वास असायचा, कुणाच्या कापराचा, कुणाच्या औषधाचा, कुणाच्या नुसत्या जुन्या पेटीचा. पुण्याहून, सोलापूरहून, नागपूरहून आलेली ही लुगडी बहुतेक करून मेलेल्या आयांची असत. लेकी ती टपालानं चुडाव्याला पाठवत, आणि अंबिकानं त्यांची गोधडी शिवून परत टपालानंच धाडायची, असा हा धंदा होता.

सावळदरी हे तिचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून पायी तासाभराच्या वाटेवर. नवरा मार्तंड शेती करायचा, तीही कोरडवाहू. एक विहीर होती, पण ती चुलत्यांच्या सामाईकीत. मुलगा नांदेडला वसतिगृहात शिकायला. घरात सासू धुरपताबाई.

सुरुवात अगदी साधी झाली. अंबिकाची धाकटी बहीण अनसूया औरंगाबादला दिली होती. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास तिला मुलगी झाली, तेव्हा अंबिकानं जुन्या लुगड्यांचं एक दुपटं शिवून पाठवलं. रंगीत ठिगळांचं, बारीक धावदोऱ्याचं. कॉलनीतल्या बायकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि आम्हालाही पाहिजे म्हणाल्या. पुढं अनसूयानंच डोकं लढवलं. बायकांच्या एका मासिकात तिनं दोन ओळींची जाहिरात दिली : जुन्या साड्या पाठवा, गोधडी शिवून व्ही.पी.नं मिळेल. म्हणजे गोधडी घरी आली की पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे, आधी काही नाही. लोकांना हे पटलं. खेड्यातली एक न पाहिलेली बाई आपल्या आईची साडी बुडवणार नाही, एवढा भरवसा त्या काळी लोक टाकत होते. अंबिकाला तो भरवसा पहिल्या दिवसापासून जड वाटायचा.

एकटीच्या हातानं काम उरकेना, तेव्हा भीमनगरातली सरजाबाई तिच्याकडं आली. भीमनगर म्हणजे ओढ्यापलीकडची बौद्धांची वस्ती. सरजाबाई अंबिकाहून पाच-सहा वर्षांनी थोरली, रोजानं कापूस वेचायला जाणारी, नवरा वारलेला, बोलणं तिखट. "कापूस येचून येचून बोटं फाटली बाई," ती म्हणाली, "बसून करायचं काम असंल तर दे. तुझ्या वाकळीला डाग लागू देणार न्हाई." शहरातले लोक गोधडी म्हणायचे, गावात मात्र वाकळच.

सरजाबाईचा हात चांगला चालायचा. तिच्यामागं भीमनगरातल्या आणखी बायका आल्या, गावातल्याही दोघी. पण सरजाबाई अंबिकाच्या घरी पायरीवर बसायची, आत नाही. तिचा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असायचा. तिकडून शिवून आलेल्या गोधड्यांवर धुरपताबाई पाणी शिंपडायच्या आणि मगच त्या आत घ्यायच्या. अंबिका यावर काही बोलायची नाही. तिला ते खटकायचं की नाही, हेही तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पार्सलं जात होती, नवी येत होती. मार्तंड संध्याकाळी पांढऱ्या मांजरपाटात ती शिवून द्यायचा, वर लाखेची मोहर लावायचा, आणि गावातल्या टेंपोतून पार्सलं चुडाव्याच्या पोस्टात पोचायची. पत्त्याखाली नाव असायचं, 'अंबिका गोधडी केंद्र, मु. सावळदरी'. एक बदल मात्र कुणाच्या लक्षात न येता झाला होता. सगळं गाव म्हणायचं तसं अंबिकाही आधी 'सरजे' म्हणायची. धंदा वाढता वाढता कधीतरी तिच्या तोंडी 'सरजाबाई, तुमी' आलं, आणि पलीकडून 'अंबिकाबाई, तुमी'.

त्र्याण्णवच्या दसऱ्यानंतर अकोल्याहून कुसुमबाई नावाच्या बाईंचं पार्सल आलं. त्यांची लेक बाळंतपणात गेली होती. तिच्या साड्या त्यांनी पाठवल्या होत्या, मागं राहिलेल्या तान्ह्या नातीसाठी. सोबतच्या चिठ्ठीत अगदी थोडं लिहिलं होतं. पोरीचा पहिला वाढदिवस माघात आहे, त्याआधी गोधडी यावी. बाकीच्या साड्यांचं काहीही करा, पण लग्नातला लाल शालू काठाला लावा, पोरीला तो हाताला लागला पाहिजे.

अंबिकानं हे काम सरजाबाईलाच दिलं. शालू शेवटी लावायचा होता, म्हणून तो न कापता सरजाबाईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला.

त्या थंडीत हवा बिघडायला लागली होती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, हा विषय सोळा वर्षं विझत-पेटत होता. अठ्ठ्याहत्तर साली तो पेटला तेव्हा सरजाबाईच्या भावाचं घर जाळलं होतं. ती त्याबद्दल फार बोलायची नाही, पण धूर दिसला की आधी उठून उभी राहायची. आता सरकार संक्रांतीच्या आसपास निर्णय जाहीर करणार, अशी बातमी होती. भिंतींवर दोन्हीकडच्या घोषणा रंगल्या. भीमनगरातले तरणे गडी मोर्चासाठी नांदेडला गेले ते तिकडंच राहिले. गावात मारुतीच्या पारावर रोज माणसं जमायला लागली.

एक दिवस किशनराव घरी आले. किशनराव म्हणजे मार्तंडचे चुलते, भावकीतले कर्ते आणि गावातलं वजनदार माणूस. ते ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सूनबाई, भीमनगरातल्या बायकांचं काम बंद करायचं. दुकानानं माल द्यायचा न्हाई, गिरणीनं दळण द्यायचं न्हाई, कुणी कामाला लावायचं न्हाई. पारावर ठरलंय."

अंबिका पदर सावरून दाराआड उभी होती. "मामंजी, लोकांची कापडं हायेत त्यांच्या घरी. लांब लांबची."

"मग आणून घे. लवकर आण." ते उठले. चपला घालता घालता खालच्या आवाजात म्हणाले, "पोरं आता माझं ऐकनात. उद्या-परवा काय व्हईल ते मी सांगू शकत न्हाई."

त्यात दमदाटी नव्हती. ते नुसतं सांगत होते, आणि अंबिकाला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी भोगी होती. घराघरांत तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी भाजल्या जात होत्या. दुपारी अंबिका शेतावरून येताना ओढ्याच्या खालच्या अंगाला करंजीच्या झाडांखाली दहा-बारा पोरं बसलेली तिला दिसली. ओळखीचीच होती सगळी. एरवी 'काकू' म्हणून हाक मारणारी. आज कुणी बोललं नाही. एकानं पायाजवळचं पोतं ओढून झाकलं, तरी रॉकेलचा वास यायचा तो आलाच.

घरी येऊन तिनं मार्तंडला सांगितलं. तो गोठ्यात होता. त्यानं हातातला कडबा खाली टाकला.

"पोलीस पाटलाला सांगतो."

"पोलीस पाटील तर पारावर मामंजींच्या शेजारी बसलाय."

"मग मी जातो तिकडं."

"तुमी गेलात तर मारामारी व्हईल. तुमी चुडाव्याला जा, स्टेशनातून फोन लावा पूर्ण्याच्या पोलिसांना. मी जाते. कापडं आणायला गेली म्हणतील. मामंजींनीच सांगितलंय की."

मार्तंडनं सायकल काढली. गल्लीच्या तोंडाशी एकदा वळून पाहिलं आणि तो गेला.

अंबिका ओढ्याकडं निघाली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं तो लाल शालूच होता. पार्सलं, गिऱ्हाइकं, कुसुमबाई. तिथली माणसं तिच्या मनात आली ती अर्धी वाट गेल्यावर, आणि आली तशी तिची पावलं जडच झाली.

भीमनगरात आवाज नव्हता. चुली थंड होत्या. बायका बोचकी बांधत होत्या. सरजाबाई आपल्या दारात उभी होती, कमरेला पदर खोचलेला.

"कापडं न्यायला आलीस?"

इतक्या वर्षांनी ती 'तू' म्हणाली होती.

खोटं बोलायला अंबिकाला जमलं नाही. "हो," ती म्हणाली.

सरजाबाई आत गेली आणि एकेक गठुडं तिच्या पायाशी आणून टाकायला लागली. "ही सोलापूरची. ही पुण्याची, पुरी झाली. अकोल्याची काठाची राहिलीय, शालू पेटीत हाय. घे समदं आणि जा."

"तुमी कुठं जाणार?"

"ओढ्यानं खाली. चुडाव्याला गाडी घावली तर नांदेड."

"खाली ओढ्यात पोरं बसलीत. आत्ता बघून आले मी. रॉकेल हाय त्यांच्यापाशी."

आजूबाजूच्या बायका थांबल्या. एकीच्या काखेतलं पोर रडायला लागलं, तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. सरजाबाईनं ओढ्याच्या दिशेनं पाहिलं, मग गावाच्या दिशेनं. दुसरी वाट नव्हतीच. मागं कालवा, त्याला पाणी सोडलेलं.

"मग कुठं जावं आमी?"

"माझ्या घरी चला," अंबिका म्हणाली. बोलून गेल्यावर तिला आपलाच आवाज परका वाटला.

सरजाबाई हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तुझ्या घरी? पायरीवर का आत?"

"आत."

"पुन्यांदा बोल."

"आत, सरजाबाई. चला आता."

निघाल्या तेव्हा आठ-नऊ बायका होत्या, त्यांची पोरं, आणि सरजाबाईची सासू. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि गुडघे धरलेले होते. सरजाबाईच्या कडेवर नातू, डोक्यावर गोधड्यांचा भारा. अंबिकानं पेटीची कडी धरली. पेटी जड होती. आत शालू, सरजाबाईची भांडी, तिच्या नवऱ्याचा फोटो. उंबरा ओलांडून चार पावलं टाकली न टाकली तोच म्हातारी मटकन खाली बसली.

"मला व्हत न्हाई गं. तुमी जावा."

सरजाबाई वळली. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. बाकीच्यांच्या अंगाखांद्यावर पोरं होती. अंबिकानं हातातल्या पेटीकडं पाहिलं. त्या एका क्षणात तिला कुसुमबाईंची चिठ्ठी आठवली, पोरीला तो हाताला लागला पाहिजे. पेटी उघडून शालू काढण्याइतका वेळ नव्हता. तिनं पेटी पुन्हा उंबऱ्याच्या आत ढकलली, दार ओढलं, वाकली आणि म्हातारीला पाठुंगळी घेतलं.

मारुतीचा पार चुकवून घरी जायला रस्ता नव्हता.

पारावर वीस-पंचवीस माणसं असतील. आधी बोलणं थांबलं, मग सगळ्या माना इकडं वळल्या. अंबिका सर्वांत पुढं होती. पाठीवरच्या म्हातारीचा श्वास तिच्या मानेवर येत होता, गरम आणि भराभर. किशनराव उठून रस्त्यात आले.

"कुठं नेतीस ह्यांना?"

"घरी, मामंजी."

"कापडं आण म्हणलो होतो मी."

"कापडंच हायेत." तिनं पाठीवरची म्हातारी जरा वर सरकवली. "कापडं आणि शिवणाऱ्या. अकोल्याचं काम राहिलंय, ते पुरं करून द्यायचंय."

पारावरून कुणीतरी घाणेरडी शिवी हासडली. दुसरा हसला. एक दगड येऊन मागच्या एका बाईच्या घागरीवर आदळला, पोरं किंचाळली. किशनरावांनी पाराकडं हात करून "ए!" म्हणून दरडावलं, आणि मग अंबिकाकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यांना घरात घेतलंस तर उद्यापासून विहिरीचं पाणी बंद. मार्तंडाला सांग. गहू वाळला तर माझ्याकडं यायचं न्हाई."

गहू नुकता ओंबीवर आला होता, दोन पाण्यांचा प्रश्न होता फक्त. अंबिका तशीच उभी राहिली.

"थांबलीस का गं?" म्हातारीनं कानाशी विचारलं. तिला काही दिसत नव्हतं. "आलं का घर?"

"न्हाई आज्जे," अंबिका म्हणाली, "आजून थोडं हाय." आणि तिनं पाऊल उचललं. किशनराव बाजूला झाले, कारण नाहीतर त्यांना तिला हात लावून अडवावं लागलं असतं, आणि भावकीतल्या सुनेला हात लावणं त्यांच्यानं होणारं नव्हतं.

दारात धुरपताबाई उभ्या होत्या, हातात नैवेद्याचं ताट. त्यांनी सुनेच्या पाठीवरची म्हातारी पाहिली, मागची रांग पाहिली. त्या हलल्या नाहीत.

"आत्याबाई, बाजूला व्हा," अंबिका म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

धुरपताबाई बाजूला झाल्या. ताट घेऊन देवघरात गेल्या आणि आतून कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत, जेवल्या नाहीत. त्यांनी अडवलं नाही एवढंच. माफ त्यांनी पुढंही केलं नाही.

दिवस मावळता मावळता ओढ्यापलीकडं धूर दिसला. माळवदावर जाऊन पाहायची कुणाची हिंमत झाली नाही. खिडकीच्या फटीतून दिसत होतं तेवढं पुरे होतं. सरजाबाई उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. पोरांना अंबिकानं भाकरी वाढल्या. ओसरीच्या पत्र्यावर दगड आले. थोडे थांबले, पुन्हा आले. मार्तंड परतला तेव्हा त्याच्या सायकलीचं पुढचं चाक वाकलेलं होतं आणि कोपर सोललेलं. "फोन लागला," एवढंच तो म्हणाला. मग आत येऊन कडी लावायच्या ऐवजी तो बाहेर पायरीवर जाऊन बसला, अंगावर घोंगडं, मांडीवर कुऱ्हाड. त्याला भांडता येत नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी तो उजाडेपर्यंत तिथून हलला नाही. आत सरजाबाईनं कंदिलाजवळ अकोल्याची गोधडी उलगडली आणि सुईत दोरा ओवला. हाताला काम नसतं तर आपण किंचाळलो असतो, असं ती नंतर म्हणाली.

सकाळी पोलिसांची गाडी आली. संक्रांतीचा दिवस. रेडिओवर निर्णय जाहीर झाला, विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. भीमनगरातल्या बायका ते ऐकून रडल्या आणि रडता रडताच आपली घरं बघायला गेल्या. चार घरं जळाली होती. त्यांत सरजाबाईचं एक. माणूस एकही दगावलं नव्हतं, कारण घरात कुणी नव्हतंच.

पेटी सापडली. झाकण वाकून आत बसलं होतं. भांडी काळी पडली होती. शालू नव्हता, एक काळा गोळा होता आणि त्यात जरीची तार अडकलेली. अंबिका तो गोळा हातात घेऊन राखेतच बसली. सरजाबाई फोटोच्या काचा वेचत होती.

पुढचे आठवडे वाईट गेले. विहिरीवरची मोटार किशनरावांनी बंद केली, गहू उभ्या जागी वाळायला लागला. टेंपोवाल्यानं पार्सलं घ्यायला नकार दिला. गावातल्या ज्या दोघी बायका शिवायला यायच्या त्यांनी निरोप धाडला, आमचं नाव घेऊ नका. अकोल्याची गोधडी पुरी व्हायला आली तेव्हा अंबिका म्हणाली, "बाजारातून लाल कापड आणू का? काठ तरी दिसंल."

"लबाडी नगं," सरजाबाई म्हणाली. "जे हाय ते दिसू दे."

काठाशिवायच त्यांनी ती दुमडून शिवली. आणि ती टपालानं पाठवायची नाही, हे अंबिकानं ठरवलं. दोघी पहाटे चालत चुडाव्याला गेल्या, पूर्ण्याला गाडी बदलून अकोल्याच्या गाडीत बसल्या. हिंगोली, वाशीम मागं पडलं. अंबिकाच्या मांडीवर गोधडी होती आणि काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. जुळत नव्हतं.

कुसुमबाई साठीच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दोघींना पाहून त्या गोंधळल्या, मग ओळख पटली तसं त्यांनी लगबगीनं आत बसवलं. गोधडी त्यांनी पलंगावर पसरली. एकेका ठिगळावर हात ठेवून त्या ओळखत होत्या. ही कॉलेजात असतानाची. ही डोहाळजेवणाची. हात फिरत फिरत कडेला आला आणि थांबला. त्यांनी दुसरी कड पाहिली. तिसरी पाहिली.

"शालू कुठं आहे?"

अंबिकानं सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं.

"पेटी कुणाच्या हातात होती?" कुसुमबाईंनी विचारलं.

"माझ्या."

"मग?"

"ह्यांच्या सासूबाईंना चालता येईना. पेटी ठेवली अन् त्यांना घेतलं."

कुसुमबाईंचा आवाज कोरडा होता. "तुम्ही बरोबर केलंत, असं मी म्हणायला पाहिजे. कळतंय मला. पण मला म्हणवत नाही. एवढा एक शालू मागितला होता मी."

"हो," अंबिका म्हणाली.

आतल्या खोलीत पोर रडायला लागलं. कुसुमबाईंनी गोधडी उचलली आणि त्या आत गेल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर आल्या नाहीत. दोघी उठल्या, दार ओढून घेतलं आणि स्टेशनाच्या वाटेला लागल्या.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. वाशीम गेल्यावर सरजाबाई एकदम म्हणाली, "माझ्या हातात व्हती, म्हणलीस तू तिथं. पेटी माझी व्हती. घर माझं व्हतं. जळालं माझं, आणि तिथं बोलली तू एकटी. मी काय तुझ्यासंगं पिशवी धराया आलते?"

"मी आपली चूक माझ्यावर घेतली, सरजाबाई."

"चूक बी तुझीच, नाव बी तुझंच. पार्सलावर कुणाचं नाव हाय? वाकळ कुणी शिवली ते कुणाला ठावं हाय?"

अंबिकाला राग आला. जाहिरात तिच्या बहिणीनं दिलेली, पहिली दुपटी तिनं शिवलेली, गिऱ्हाइकांचा भरवसा तिनं सांभाळलेला. आणि आता या बाईपायी तिचा गहू वाळत होता. हे सगळं तिच्या ओठांवर आलं. ती बोलली नाही, पण तिच्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण सरजाबाईनं मान फिरवली.

हिंगोली आली. वसमत आलं. बाहेर हळदीची शेतं मागं जात होती. अंबिकाला आठवलं ते भीमनगरातलं दार, आणि 'पायरीवर का आत' हा प्रश्न. तेव्हा उत्तर देताना तिला विचार करावा लागला नव्हता. आता भीती नव्हती, तर विचार करावा लागत होता. हे तिला स्वतःचंच आवडलं नाही.

"सावळदरीत आता काम व्हायचं न्हाई," पूर्णा जवळ आल्यावर ती म्हणाली. "पूर्ण्यात खोली बघावी लागंल, स्टेशनाजवळ. भाडं दोघींचं. नाव बी दोघींचं."

सरजाबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आणि हिशेब बी दोघींचा."

"हिशेब बी."

"मग बघू खोली."

खोली मिळायला उन्हाळा आला. पहिल्या पावसाळ्यात काम इतकं थोडं होतं की खोली सोडून द्यावी, असं दोघींना आळीपाळीनं वाटलं. सुदैवानं एकाच दिवशी दोघींना कधी वाटलं नाही. दिवाळीच्या आधी अकोल्याहून पार्सलं यायला लागली. एक, मग दुसरं, मग एकदम तीन. कुसुमबाईंचं त्यांत एकही नव्हतं. पण सगळी त्यांच्याच गल्लीतली होती, आणि प्रत्येकावर पत्ता एकाच वळणदार, शिक्षिकेच्या अक्षरात लिहिलेला होता. कुसुमबाईंनी स्वतः पुढं कधी एक ओळही पाठवली नाही.

सरजाबाई पूर्ण्यालाच राहिली. सासू तिथंच वारली. भीमनगरात विटांची घरं झाली, तिथल्या बायका चुडाव्याहून पॅसेंजरनं कामाला यायला लागल्या, आणि दुसऱ्या वर्षी सावळदरीतल्या त्या दोघीही, घरात न सांगता. मार्तंडनं सामाईक विहिरीचा नाद सोडून शेताच्या दुसऱ्या टोकाला बोअर घेतला. त्याला पाणी बेताचंच लागलं.

अंबिका मात्र गाव सोडून गेली नाही. रोज सकाळी ती पारावरून जायची आणि संध्याकाळी परत यायची. ती दिसली की पारावरचं बोलणं थांबायचं. किशनराव असले तर पेपरात डोकं घालायचे. ती मान खाली घालायची नाही, पण पारापाशी आली की तिची पावलं आपोआप भराभर पडायची. "भ्या न्हाई का वाटत?" असं एकदा अनसूयानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वाटतं की. रोज वाटतं. पण साडेआठची पॅसेंजर गाठायची असती."